पोलंडची श्लाख्ता आणि तिच्या प्रांतोप्रांतीच्या सभा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडच्या फाळण्यांबद्दल (अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारी राज्यांनी हा देश वाटून घेतला, त्याबद्दल) मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात ‘उमरावांच्या बेबंदशाहीने देश बुडाला’ हे वाक्य हमखास असते. ते अगदीच खोटे नाही. पण कोणते उमराव? नदीवाटे धान्य विकून गबर झालेले, की वॉर्साच्या उत्तरेला स्वतःच्या हाताने नांगर धरणारे? दोघांना कायद्याने एकच नाव होते आणि दोघांचे जगणे एकमेकांना ओळखूही येणार नाही इतके वेगळे होते. खालची उत्तरे साधारण १४५४ ते १७९५ या काळाबद्दल आहेत, आणि ती राजधानीपेक्षा प्रांतांकडून पाहून लिहिली आहेत. माझ्या मते हा इतिहास तिकडूनच नीट दिसतो.

श्लाख्ता म्हणजे नेमके कोण?

जन्माने उमराव असलेला अख्खा वर्ग. एका व्यक्तीला ‘श्लाख्चित्स’ म्हणत. पश्चिम युरोपात ड्यूक, काउंट, बॅरन अशी उतरंड असे, तशी इथे कायद्याला मान्य नव्हती. लिथुआनिया आणि रूथेनियातल्या (साधारण आजचे युक्रेन-बेलारूस) जुन्या राजघराण्यांना, पोलंड आणि लिथुआनिया यांना एका राज्यात जोडणाऱ्या १५६९ च्या लुब्लिन करारात ‘प्रिन्स’ ही पदवी ठेवू दिली, तेवढाच अपवाद. १६३८ मध्ये तर परदेशी राजांकडून पदव्या आणून मिरवण्यावर संसदेने बंदी घातली. एकमेकांना हाक मारायची ती ‘पान्ये ब्राच्ये’, म्हणजे ‘बंधुराज’ अशी. लाखो एकरांचा मालकही बंधुराज आणि गळक्या छपराखाली राहणारा शेजारीही बंधुराज. परसदारचा उमराव वोयेवोदाच्या (प्रांताधिकाऱ्याच्या) तोडीचा, अशा अर्थाची त्यांची म्हण आजही पोलंडमध्ये ऐकू येते. बोलणारा ती कधी अभिमानाने म्हणतो, कधी थट्टेने.

ते किती होते?

नेहमी दिला जाणारा अंदाज लोकसंख्येच्या ८ ते १० टक्के. काही अभ्यासक ६ टक्क्यांपर्यंत खाली येतात. फ्रान्समध्ये हेच प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात होते. मात्र पोलंडमधली सरासरी फसवी आहे. मझोव्शे प्रांतात दर पाच माणसांमागे एक किंवा त्याहून अधिक उमराव, तर प्रशियाच्या किनारपट्टीवर त्यांची संख्या अगदी विरळ.

त्यांना सरंजामदार किंवा जहागीरदार म्हणावे का?

शक्यतो नको. जहागीर म्हटली की ती देणारा धनी आला आणि ती काढून घेण्याची भीतीही आली. श्लाख्ताची जमीन वंशपरंपरागत आणि पूर्ण मालकीची होती, राजाच्या चाकरीच्या अटीवर टिकून राहणारी नव्हती. राजाच्या खास मालकीच्या जमिनी होत्या, त्या तो मर्जीतल्या लोकांना हयातीपुरत्या देई. अशा इलाख्यावर बसलेल्याला ‘स्तारोस्ता’ म्हणत. राजाच्या हातात प्रलोभन म्हणून उरलेली ही मोठी गोष्ट, त्यामुळे त्या जमिनींवरून भांडणेही तितकीच मोठी.

प्रांतागणिक फरक होता तो कसला?

सगळ्याच बाबतीत होता. हा प्रश्न नेहमी उडत उडत विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मझोव्शे १५२६ पर्यंत वेगळे संस्थान होते. शेवटचे दोन तरुण ड्यूक, स्तानिस्वाव १५२४ मध्ये आणि यानुश १५२६ मध्ये, निपुत्रिक वारले आणि प्रदेश पोलंडच्या राजाकडे आला. जुन्या काळी लष्करी चाकरीसाठी तिथे लहान लहान तुकड्यांत जमिनी वाटल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या आणि अख्खे गावच उमरावांचे, एकाच आडनावाचे, पण एकाही घरी जमीन कसणारे कूळ नाही, अशी स्थिती आली. अशा वस्तीला ‘झाश्चानेक’ म्हणत. हे लोक कट्टर कॅथलिक, राजनिष्ठ आणि हट्टी. प्रांताचे दहा लहान भाग, प्रत्येकाची वेगळी सभा आणि संसदेत प्रत्येकी दोन प्रतिनिधी. म्हणजे एका गरीब प्रांताचे २०, जेव्हा संपूर्ण कनिष्ठ सभागृह १७० च्या आसपास होते.

व्येल्कोपोल्स्का (पोझनानचा भाग) मध्यम जमीनदारांचा. पोझनान आणि कालिश या दोन्ही जिल्ह्यांची सभा एकत्र, श्रोदा नावाच्या छोट्या गावात भरे. मावोपोल्स्का (क्राकुफचा भाग) दरबाराच्या जवळचा. सोळाव्या शतकात इथल्या अनेक घराण्यांनी कॅल्विनचा प्रोटेस्टंट पंथ धरला. त्यांची सभा प्रोशोवित्सेत.

राजेशाही प्रशियाची गोष्टच निराळी. हा प्रांत १४५४ मध्ये ट्युटॉनिक सरदारांविरुद्ध (तिथे राज्य करणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाविरुद्ध) उठून पोलंडच्या राजाकडे आला, तोही अटी घालून. मुख्य अट अशी की अधिकारपदे फक्त भूमिपुत्रांना. त्यांच्या प्रांतिक सभेत ग्दान्स्क, तोरुन आणि एल्ब्लोंग या शहरांना उमरावांच्या शेजारी मानाची जागा होती. बाकी पोलंडमध्ये शहरवासीयांना हे स्वप्नातही मिळाले नसते. १५६९ मध्ये राजाने हुकूम काढून त्यांना समाईक संसदेत बसायला लावले, तरी माल्बोर्क आणि ग्रूजोन्त्सला आलटून पालटून भरणारी स्वतःची सभा त्यांनी सोडली नाही.

आणि पूर्वेकडे व्होल्हिनिया, कीव्ह, ब्रात्सवाव. १५६९ मध्ये हे प्रदेश लिथुआनियाकडून काढून पोलंडच्या मुकुटाला जोडले. तिथल्या उमरावांनी आपला जुना लिथुआनियन कायदा आणि कचेरीतली रूथेनियन भाषा टिकवून घेतली. इथे ओस्त्रोग्स्की, झ्बारास्की, विश्नियोव्येत्स्की अशी घराणी म्हणजे चालतीबोलती राज्येच. ‘सगळे बंधुराज समान’ हे वाक्य इथे म्हणताना कुणाला तरी हसू आवरत नसणार.

सेय्मिक म्हणजे काय? तिथे काय चालायचे?

सेय्म म्हणजे संसद, सेय्मिक म्हणजे छोटी संसद. जिल्ह्यातल्या सगळ्या उमरावांची सभा. ती बहुधा गावच्या चर्चमध्येच भरे, कारण एवढी माणसे मावतील अशी दुसरी इमारतच नसे. देवाच्या दारात तलवारी उपसल्या गेल्याचे प्रसंगही घडले आहेत.

कामाप्रमाणे सभांचे प्रकार होते. संसदेआधीच्या सभेत राजाचा दूत प्रस्ताव वाचून दाखवी, मग प्रतिनिधी निवडून त्यांना लेखी सूचना दिल्या जात : या कराला हो म्हणा, त्याला नाही म्हणा, अमुक कुटुंबाचा जुना तंटा लावून धरा. संसद संपली की पुन्हा सभा, आणि प्रतिनिधींनी तिथे हिशेब द्यायचा. राजा वारला आणि नवा निवडला गेला नाही अशा काळात वेगळी सभा भरून न्यायालये चालवी. १५७८ मध्ये राजा स्तेफान बातोरीने सर्वोच्च अपिलाचे काम स्वतःकडून काढून एका न्यायमंडळाकडे सोपवले. ते प्योत्रकुफ आणि लुब्लिन इथे बसे, आणि त्याचे बहुतेक न्यायाधीशही उमरावांच्या सभाच दरवर्षी निवडत. सभेच्या ठरावाला ‘लाउदुम’ म्हणत.

जिल्ह्यातली पदे हा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. न्यायाधीश किंवा सीमातंटे सोडवणारा पोद्कोमोझी यांच्यासाठी सभा चार नावे सुचवी, राजा त्यातला एक निवडी. उमेदवाराची त्याच प्रांतात जमीन हवी. बाकी बरीच पदे नुसती नावाची : प्यालेदार, तलवारदार, शिकारखात्याचा प्रमुख. प्याला नाही, शिकार नाही, पगार नाही, तरी त्यासाठी वर्षानुवर्षे झटापट. कारण एकदा पद मिळाले की माणूस आयुष्यभर त्याच नावाने ओळखला जाई, बायकोला त्याचे स्त्रीलिंगी रूप लागे आणि मुलगा ‘अमुकपदवाल्याचा चिरंजीव’ होई.

एवढे हक्क त्यांनी मिळवले कसे?

राजाच्या अडचणीच्या वेळी एकेक करून. १३७४ मध्ये कोशित्से इथे राजा लुई याला आपल्या मुलीसाठी गादी हवी होती, त्याने जमिनीचा कर मापामागे दोन ग्रोश (नाणी) इतका खाली आणला. १४३३ पर्यंत न्यायनिवाड्याशिवाय उमरावाला अटक न करण्याचे वचन मिळाले.

मला सर्वांत बोलकी वाटते ती १४५४ ची गोष्ट. ट्युटॉनिक सरदारांशी युद्ध सुरू झालेले, व्येल्कोपोल्स्काचे उमराव घोडा-तलवारीनिशी चेरेक्वित्साच्या छावणीत जमलेले, आणि तिथेच ते अडून बसले : आधी हक्क लिहून द्या, मग लढतो. राजा काझिमिएशने लिहून दिले. मग ते लढले, आणि होय्नित्सेला सपाटून हरले. वचन मात्र कायम राहिले. नव्या करासाठी आणि उमरावांची फौज बोलावण्यासाठी यापुढे प्रांतिक सभांची संमती लागणार होती. तीच कलमे पुढे न्येशावाला प्रांतवार वेगवेगळ्या मसुद्यांत निघाली. १५०५ मध्ये रादोमच्या संसदेने ‘सर्वांच्या संमतीवाचून नवीन काही नाही’ हा नियम केला.

राजा खरोखर मतदानाने निवडत?

हो. ७ जुलै १५७२ ला झिग्मुंट ऑगस्ट निपुत्रिक वारला आणि यागियेवो घराण्याची पुरुषशाखा संपली. प्रतिनिधींनी निवडायचे की प्रत्येक उमरावाने स्वतः यायचे, यावर वाद झाला. प्रत्येकाने यावे हा पक्ष तरुण यान झामोय्स्कीने लावून धरला आणि जिंकला. १५७३ च्या वसंतात वॉर्साच्या पलीकडच्या तीरावर कामिओनच्या मैदानात सुमारे ४०,००० माणसे जमली असे सांगतात.

आता नकाशा पाहा. ज्याला घरापासून वॉर्सा दोन दिवसांवर, तो मझोव्शेचा गरीब उमराव सहज पोचतो. कीव्हकडच्याला हाच प्रवास कित्येक आठवड्यांचा. कागदावर प्रत्येकाला एक मत, प्रत्यक्षात मैदान मझोव्शेच्या कॅथलिक गर्दीने भरलेले. निवडून आला फ्रान्सचा हेन्री. त्याच्याकडून राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी कलमे आणि धर्मशांततेची हमी मान्य करून घेण्यात आली. भाऊ वारल्याची बातमी येताच जून १५७४ मध्ये हा गृहस्थ रात्रीतून क्राकुफच्या किल्ल्यातून पळाला, आणि पुढे फ्रान्सचा राजा झाला.

या स्वातंत्र्यात शेतकऱ्याचा वाटा काय?

काही नाही. १४९६ पासून त्याला गाव सोडण्यावर बंधने आली. १५१८ मध्ये जमीनदाराविरुद्ध राजाकडे दाद मागण्याची वाट बंद झाली. १५२० मध्ये जमिनीच्या मापामागे आठवड्याला किमान एक दिवस वेठ कायद्याने ठरली, आणि विस्तुला नदीवरून ग्दान्स्कला जाणाऱ्या धान्याची मागणी वाढली तसे दिवसही वाढत गेले. ‘सोनेरी स्वातंत्र्या’चे (उमराव आपल्या हक्कांना हेच नाव देत) गोडवे वाचताना हे शेजारी ठेवून वाचावे.

सगळे समान, तर मग बडी घराणी वरचढ कशी झाली?

मतामुळेच. गरिबाच्या हाती विकण्याजोगे एकच होते, ते म्हणजे मत. सभेच्या आदल्या दिवशी बड्या घरच्या गाड्या यायच्या, मांस आणि दारूची पिंपे उतरायची. जमीन नसलेल्या उमरावांना ‘गोवोता’ म्हणत, त्यांचे जथे पाहुणचार घेऊन धन्याच्या बाजूने ओरडायला तयार असत. पण नुसत्या दारूने हे चालले असे समजणे उथळ होईल. बडे घर मुलाला नोकरीत घेई, खटल्यात पाठीशी उभे राहे, जमीन खंडाने देई, मुलीच्या लग्नाला मदत करी. युद्धांनी आणि धान्याच्या मंदीने सतराव्या शतकात मध्यम जमीनदार मोडला, तेव्हा असा आधार नाकारणे फार थोड्यांना परवडले.

त्याआधी, सोळाव्या शतकाच्या मध्याला, हेच मध्यम जमीनदार बड्यांच्या छातीवर बसले होते. खेव्म प्रदेशाचा मिकोवाय श्येनित्स्की अनेकदा कनिष्ठ सभागृहाचा सभापती झाला. त्याच्या साथीदारांनी १५६२-६३ च्या संसदेत बड्यांनी बळकावलेल्या राजाच्या जमिनींची तपासणी लावली आणि त्या उत्पन्नातून सीमेवरच्या कायम फौजेचा खर्च बांधून दिला. त्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे. ‘पोलिश उमराव म्हणजे गोंधळ’ म्हणणाऱ्यांनी ती संसद वाचावी.

उलट टोक लिथुआनियात दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे सापियेहा घराण्याने फौज, खजिना आणि न्यायालये मुठीत घेतली. चिडलेल्या उमरावांनी १६९७ मध्ये लिथुआनियाचे कायदे पोलंडच्या बरोबरीला आणून त्या घराण्याच्या पदांचे पंख कापले, आणि नोव्हेंबर १७०० मध्ये ओल्क्येनिकीच्या लढाईत सापियेहांना हरवले. शरण आलेल्या मिखाव सापियेहाला संतप्त जमावाने ठार केले. फायदा कुणाला झाला? विश्नियोव्येत्स्की आणि ओगिन्स्की यांना, म्हणजे दुसऱ्या बड्या घरांना.

लिबेरुम वेटो : एका माणसाने संसद मोडायची हा वेडेपणा आला कुठून?

प्रतिनिधीकडे जिल्ह्याचा वकील म्हणून पाहिले की इतका वेडा वाटत नाही. त्याच्या खिशात लेखी सूचना आहेत. त्या बाजूला सारून बहुमताने निर्णय झाला, तर बांधला जातो तो त्याचा जिल्हा. म्हणून सर्वसंमती हा जुना दंडक, आणि दीडशे वर्षे तो समजावून, दमवून, कधी ओरडा करून पाळला गेला.

१६५२ मध्ये लिथुआनियातल्या उपिता जिल्ह्याचा व्वादिस्वाव सिचिन्स्की याने संसदेची मुदत वाढवायला हरकत घेतली आणि तो निघून गेला. तो यानुश राद्झिविव या लिथुआनियातल्या बड्या उमरावाचा माणूस होता. सभापती फ्रेद्रोने हरकत ग्राह्य धरली, आणि खरी कलाटणी तिथे मिळाली. १६६९ मध्ये मुदत संपण्याआधीच संसद मोडली गेली, १६८८ मध्ये सभापती निवडण्याआधीच. राजा ऑगस्ट तिसरा याच्या ३० वर्षांच्या कारकिर्दीत एकच संसद पार पडली, १७३६ ची. तोवर व्हेटो विकत घ्यायला परदेशी वकिलातीही बाजारात उतरल्या होत्या.

मग संसद बंद पडल्यावर राज्य चालायचे कसे?

प्रांतिक सभांच्या जिवावर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच कर बसवत, वसूल करत, जिल्ह्याचा खजिना सांभाळत, शिपाई भरती करत, आणि सभा न संपवता तहकूब करत करत महिनोन्‌महिने चालू ठेवत. शेजाऱ्यांना कर किती झेपेल हे त्यांना राजधानीपेक्षा चांगले कळे. पण प्रत्येक जिल्हा आपल्यापुरता पाही. १७१७ च्या संसदेत, जिथे कुणालाही बोलू दिले नाही म्हणून तिला ‘मुकी संसद’ म्हणतात, सभांच्या हातून फौज आणि पैसा काढून घेतला, आणि फौजेची मर्यादा ठरवली २४,०००. चहूबाजूंनी मोठ्या फौजा असलेल्या देशासाठी हा आकडा केविलवाणा होता.

रोकोश म्हणजे काय?

राजाने वचन मोडले असे ठरवून केलेले सशस्त्र बंड. ते बेकायदा नव्हे, हक्काचेच आहे असे करणाऱ्यांचे म्हणणे. झेब्झिदोव्स्की या बड्या उमरावाचा १६०६ चा रोकोश पुढच्या वर्षी गुझुफला मोडला. लुबोमिर्स्की या दुसऱ्या बड्याच्या वेळी १६६६ मध्ये मोंत्वीच्या लढाईत राजाचीच फौज कापली गेली.

परक्यांपुढे नांगी टाकणारेही हेच ना?

१६५५ ची आठवण त्यासाठीच काढतात. स्वीडिश फौज आली तेव्हा उय्श्चेच्या छावणीत व्येल्कोपोल्स्काच्या फौजेने फारशी लढत न देताच शरणागती पत्करली. कागदावर पोझनानचा वोयेवोदा क्शिश्तोफ ओपालिन्स्की आणि कालिशचा ग्रुद्झिन्स्की होते. एक प्रांत स्वतंत्रपणे युद्ध सोडू शकतो, हा या व्यवस्थेचा काळा कोपरा. वर्षअखेरीपर्यंत स्वीडिश लुटीने लोक चिडले आणि त्यांच्याविरुद्ध उठावाचे संघटन उभे राहिले.

उमराव असल्याचा पुरावा काय असे?

गंमत अशी की मध्यवर्ती नोंदवहीच नव्हती. शेजारी ‘हो’ म्हणाले की झाले. १५७८ पासून नव्याने उमराव करण्याचा अधिकार संसदेकडे गेला, म्हणून पैसेवाले लोक सरळ दूरच्या प्रांतात जात, आडनावाला ‘-स्की’ लावत आणि आपण पूर्वापार उमराव असल्याचे सांगत. वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाच्या एका चिडक्या गृहस्थाने जत्रा, खाणावळी आणि न्यायालयांत कान लावून अशा सुमारे अडीच हजार तोतयांची यादी केली. त्यातली किती नावे खरी आणि किती गावगप्पा, हे आता कोण सांगणार.

प्रांतच हातचा गेला तर तिथल्या सभेचे काय?

ती दुसरीकडे भरे! १६६७ च्या तहाने स्मोलेन्स्क रशियाकडे गेले, तरी तिथले परागंदा उमराव विल्नियसला जमून स्मोलेन्स्कचे प्रतिनिधी निवडत. चेर्निहिव्हवाल्यांची सभा व्होल्हिनियातल्या व्वोद्झिमिएशला. प्रदेश नाही, पदे आहेत, प्रतिनिधी आहेत.

गरीब उमरावाचे मत कधी गेले?

२४ मार्च १७९१ ला. सुधारक संसदेने जमीन नसलेल्यांना प्रांतिक सभांतून वगळले, म्हणजे बड्यांचे भाडोत्री मतदार एका कायद्याने काढले. सहा आठवड्यांनी आलेल्या ३ मेच्या राज्यघटनेने व्हेटो संपवला, आणि प्रतिनिधी हा जिल्ह्याचा नसून सगळ्या राष्ट्राचा आहे असे लिहिले. याला लोकशाहीची पीछेहाट म्हणावे की सुटका? मी सुटका म्हणतो, पण ज्याचे मत गेले त्याला कुणी विचारले नव्हते हेही खरे. पुढच्याच वर्षी रशियाचा पाठिंबा घेऊन काही बड्यांनी या राज्यघटनेविरुद्ध तार्गोवित्साचा कट उभारला, १७९३ ला दुसरी फाळणी झाली आणि १७९५ ला तिसरी.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतले पोलिश लोक याच वर्गातले का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. १९४३ ते १९४८ मध्ये तिथे राहिलेले सुमारे ५,००० लोक, बहुतांश बायका-मुले, सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांतले होते. वर आलेली पूर्वेकडची काही नावे, उदाहरणार्थ व्होल्हिनिया, त्यांच्या आठवणींत भेटतात. दुवा तेवढाच.

आज श्लाख्ताचे काय उरले आहे?

कायद्यात काही नाही, १९२१ च्या राज्यघटनेने उमरावकीच्या पदव्या मोडीत काढल्या. मझोव्शे आणि पोद्लाश्येच्या सीमेवरून प्रवास केलात तर मात्र गावांच्या पाट्या वाचत जा. दोम्ब्रोवा-मोचिद्वी, दोम्ब्रोवा-दोवेंगी, दोम्ब्रोवा-विल्की : पहिले नाव एकच, दुसरे वेगवेगळे. एकाच मूळ वस्तीच्या वाटण्या झालेल्या या लहान लहान उमरावी वाड्या आहेत.